फेहिमेचा हक्क

"युरोप पाहावा तर मोटारीतूनच, आणि मोटारीतून तो खरा कोणी पाहिला असेल तर आम्हीच," असं नाझमीनं जुलैतल्या त्या सकाळी डुईसबुर्गच्या मार्क्सलोह भागातल्या आपल्या बिल्डिंगच्या अंगणात, जमलेल्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर जाहीर केलं. जर्मन माणूस विमानानं जातो, फ्रेंच माणूस आपला देश सोडत नाही आणि इंग्रजाला रस्त्याची कुठली बाजू आपली हेच उमगत नाही. हा खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत दरवर्षी चाकाखाली घालणारे लोक जगात एकच, ते म्हणजे आपण तुर्क. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. विधानाला वजन होतं. एवढंच की, पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर लागल्यापासून दर उन्हाळ्यात हा खंड ओलांडताना नाझमीनं त्यातलं जे काही पाहिलं होतं, ते म्हणजे पुढच्या गाडीची नंबरप्लेट, पेट्रोलपंप आणि पंपामागची मोरी. व्हिएन्ना हे त्याच्या लेखी एक वळण होतं. बुडापेस्ट आलं की डावीकडच्या लेनमध्ये राहायचं. बेलग्रेड आलं की मोजे बदलायचे. त्यापलीकडे या शहरांत काही असेल, तर ते त्यांनी त्याला कधी दाखवलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. एकदा योझगातकडच्या आपल्या गावी पोचलं, की सुट्टी सुरू. तोवरचा युरोप हा फक्त लांबलेला जिना.

गाडी आदल्या दिवशीच भरून झाली होती. कॉफी, चॉकलेटं, कपडे धुण्याची पावडर, घोंगड्या, कोणाकोणाच्या औषधांच्या गोळ्या, आणि गावातल्या चुलतीसाठी चाकं असलेला एक वॉकर. त्यावर बोरेकचे, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांचे डबे, काकड्या आणि एक टरबूज. टरबूज तुर्कस्तानात मिळत नाही असं नव्हे, पण ते इथं डब्यांच्या फटीत बरोबर बसत होतं आणि भरलेल्या गाडीत फट राहिलेली नाझमीला खपत नसे. मुलगी सेव्गुल सकाळीच एसेनहून येऊन शेवटचं भांडून गेली होती. वसंतात बाबांच्या हृदयात दोन स्टेंट घातलेत, विमानाचं तिकीट काढते, तीन तासांत पोचाल, असं तिचं म्हणणं. नाझमीचं म्हणणं असं, की हा रस्ता मी तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतो आहे आणि स्टेंट घालताना डॉक्टरनं सर्बियाचं नाव काढलेलं नाही.

मग निरोप सुरू झाला. आमच्यात लांबच्या वाटेला निघणारा माणूस मागे राहणाऱ्या प्रत्येकापुढे जातो आणि म्हणतो, तुझा काही हक्क माझ्याकडे राहिला असेल तर हलाल कर. म्हणजे सोडून दे, माफ कर. समोरच्यानं म्हणायचं, हलाल असो. कसला हक्क, कधीचा, हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारायला लागलं तर एकही गाडी डुईसबुर्गच्या बाहेर पडायची नाही. यामागचं कारण साधं आहे. देवाच्या बाबतीत काही चुकलं असेल तर देव ते बघून घेतो, तो दयाळू आहे. पण माणसाचा हक्क माणसानंच सोडावा लागतो, तिथं देवही मध्ये पडत नाही. आणि रस्त्याचा काय भरवसा?

नाझमीनं छातीवर हात ठेवून सगळं अंगण पुरं केलं. हिकमेतचं ड्रिल मशीन त्यानं नेऊन इतकी वर्षं झाली होती की ते आता कोणाचं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. हिकमेत म्हणाला, हलाल असो. खालच्या मजल्यावरच्या साकिनेच्या छताला नाझमीच्या न्हाणीघरातून ओल आली होती. ती म्हणाली, हलाल असो. तळमजल्यावरच्या केसेलहुट बाई जर्मन, पण इतकी वर्षं आमच्यात राहून त्याही आता रांगेत उभ्या राहत. त्यांनी तुर्कीत स्वच्छ "हलाल असो" म्हटलं आणि जर्मनमध्ये पुढे जोडलं, की नाझमीनं पाळलेल्या कबुतरांच्या बाल्कनीवरच्या विष्ठेबद्दल मात्र आपण सप्टेंबरमध्ये बोलू.

सगळं आटोपून नाझमी गाडीत बसला. साकिने तांब्याभर पाणी घेऊन गाडीच्या मागे उभी राहिली. निघालेल्या गाडीमागे पाणी ओततात, म्हणजे ती पाण्यासारखी अडथळ्याविना जाते आणि तशीच परत येते. पाणी ओतल्यावर मात्र माघारी वळायचं नाही, चष्मा विसरला तरी नाही. नाझमीनं किल्ली फिरवली, डावा हात खिडकीबाहेर काढून साकिनेला खूण केली, आणि उजव्या हातानं आरसा सारखा करता करता शेजारी बसलेल्या बायकोला, मीठ इकडे दे म्हणावं तशा सुरात म्हणाला, "फेहिमे, हक्क हलाल कर गं."

"या वेळी नाही," फेहिमे म्हणाली, आणि तिनं पट्टा लावला.

मागे पाणी सपकन पडलं. अंगणात सगळ्यांनी हात हलवले. नाझमीचा पाय क्लचवरून सुटला, गाडीनं एक गचका खाल्ला आणि ती फाटकाबाहेर पडली. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा भावुक झाला.

पहिले काही किलोमीटर नाझमी ती हसायची वाट बघत होता. संसारात फेहिमेनं थट्टा केलेली त्याला आठवत नव्हती, पण माणूस साठीनंतर काहीही सुरू करतो. कोलोन गेलं, फ्रँकफुर्ट गेलं. फेहिमे सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती आणि टरफलं नीट एका कागदी पुड्यात टाकत होती. शेवटी त्यानं विचारलं, नाही म्हणजे काय. ती म्हणाली, नाही म्हणजे नाही. त्यानं विचारलं, पण का. तिनं डबा उघडून त्याच्या हातात बोरेक ठेवलं.

वुर्झबुर्गच्या पुढे एका थांब्यावर त्यानं रीतसर विचारून पाहिलं. गाडीतून उतरला, टोपी काढली, छातीवर हात ठेवला. फेहिमे नळावर काकड्या धूत होती. तिनं नळ बंद केला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि काकड्या झटकत म्हणाली, "मी काय सांगू? तुमचं तुम्हालाच ठाऊक." आणि गाडीत जाऊन बसली.

नाझमीच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आता हे सरळ झालं होतं: तिच्याकडे काहीतरी होतं. आणि तो स्वतः हृदयात दोन स्टेंट आणि मानेवर बायकोचा न सोडलेला हक्क घेऊन अर्धा युरोप ओलांडायला निघाला होता. या स्थितीत एखाद्या ट्रकनं त्याला चेपलं, तर वर गेल्यावर पहिल्याच खिडकीशी त्याला थांबवणार आणि म्हणणार, आधी फेहिमेबाईंचं काय ते बघा. त्यानं वेग ऐंशीवर आणला. आयुष्यभर डावी लेन सोडली नव्हती असा माणूस उजव्या कडेनं, दोन ट्रकांच्या मधून, पाहुण्याच्या घरात चालावं तसा चालायला लागला. पासाउच्या अलीकडे कॅरॅव्हॅन ओढत निघालेल्या एका डच म्हातारीनं त्याला मागे टाकलं. जाताना तिनं सहानुभूतीनं पाहिलं. ऑस्ट्रियात शिरल्यावर डुकरांनी भरलेल्या एका ट्रकनं त्याला मागे टाकलं, पण चढ असल्यामुळे तो ट्रक बराच वेळ शेजारूनच चालला. फळ्यांच्या फटीतून डुकरं नाझमीकडे बघत होती. एकाची नजर तर ओळखीची होती.

लिंझच्या आसपास त्याला ते सहन झालं नाही. त्यानं सांगून टाकलं, की भट्टीची पाळी संपली की कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर तो सॉसेज खात असे. वर लाल सॉस आणि करी पावडर. ते कशाचं असतं हे त्यानं त्या माणसाला कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

"रोज?" फेहिमेनं विचारलं.

"रोज नाही गं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "शुक्रवारी नाही."

फेहिमेनं दोन बिया सोलल्या. मग म्हणाली, "हे तुमचं आणि अल्लाचं आहे. माझ्याकडे कशाला आणता? मी काय त्याच्या ऑफिसात कामाला आहे?"

म्हणजे हे नव्हतं. नाझमीनं नाराजीनं पुढे पाहिलं. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट, आणि ती चुकीच्या खिडकीवर निघाली. व्हिएन्नाचं वळण आलं आणि गेलं. बऱ्याच वेळानं शेजारून प्रश्न आला, चव कशी होती. तो म्हणाला, चांगली होती. ती म्हणाली, हं.

हंगेरीत रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं लागतात. सरळ रस्ता माणसाला विचार करायला लावतो, आणि नाझमीला नेमका तोच टाळायचा होता. त्यानं मनातल्या मनात सगळा संसार उलटा चाळला आणि एका उन्हाळ्यापाशी येऊन थबकला. फेहिमेची आई वारली होती तो उन्हाळा. आईचा तांब्याचा हंडा, लग्नात आलेला, हातोडीचे ठोके अंगावर मिरवणारा, फेहिमे डुईसबुर्गला घेऊन निघाली होती. बल्गेरियाच्या सीमेवर, ती आणि सेव्गुल झोपलेल्या असताना, जकातीच्या माणसानं तो काढून घेतला. निदान नाझमीनं तसं सांगितलं होतं. वस्तुस्थिती अशी, की हंडा बल्गेरिया पार करून सुखरूप आला होता. पण तो असेपर्यंत डिकी काही नीट लागत नव्हती, आणि इथं हंगेरीत, अशाच एका थांब्यावर, नाझमीनं तो अलगद उचलून एका झाडाखाली ठेवला होता. त्यातल्या त्यात सावली बघून.

त्यानं हे सांगितलं तेव्हा फेहिमेचा बी धरलेला हात ओठांपर्यंत जाऊन तिथंच राहिला.

"म्हणजे त्या माणसानं नेलाच नाही?"

"नाही."

"तो मिशाळ?"

"तो माणूस नव्हताच गं. मिशा मी लावल्या. नुसता माणूस सांगितला तर तुला खरं वाटलं नसतं."

फेहिमेनं हात खाली घेतला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिचाच वाटत नव्हता. "मी त्या माणसाला शिव्याशाप दिलेत हो. इतकी वर्षं. दर नमाजानंतर. त्याचे दात पडोत, त्याच्या घरात भांडं म्हणून चुलीवर चढू नये. त्याच्या पोराबाळांनाही सोडलं नाही मी. त्याच्या मेलेल्या आईला मधे घातलं."

नाझमीला आतून जरा हलकं वाटलं. हाच तो हक्क, सापडला. आता ती चार अश्रू ढाळेल आणि प्रकरण मिटेल. त्यानं आशेनं विचारलं, हेच होतं ना तुझं. फेहिमेनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शिक्षक पुन्हा त्याच इयत्तेत बसलेल्या मुलाकडे बघतात. "मला जे आत्ता कळलं, त्याच्यासाठी मी डुईसबुर्गमध्ये कशी अडून बसेन?"

हे नाझमीच्या लक्षात आलंच नव्हतं. तो हबकला. जुनं होतं तिथंच आहे, आणि हे नवीन वर चढलं. शहाण्या माणसानं इथं तोंड बंद केलं असतं. पण भीती अशी चीज आहे की ती एकदा बोलायला लागली की मधल्या थांब्यावर उतरत नाही. सर्बियाच्या सीमेवरच्या लांबलचक रांगेत तो स्वतःशी पुटपुटत होता. शेजारच्या गाडीतल्या माणसाला वाटलं, दुवा मागतोय, म्हणून त्यानंही हात उचलून आमीन म्हटलं.

बेलग्रेडच्या खाली रस्त्यालगत एक चहाचं ठिकाण आहे. पाट्या आपल्या भाषेत, नमाजाला खोली, चहा छोट्या काचेच्या पेल्यात. सगळा मार्क्सलोह तिथं थांबतो. नाझमीनं मोजे बदलले, फेहिमेसमोर बसला आणि चहात साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

आता फक्त एकच गोष्ट उरली होती. तीच असणार.

"पुढच्या वर्षी कायमचं गावी जायचं," हे वाक्य त्यांच्या घरात सेव्गुलपेक्षा वयानं मोठं होतं. त्यासाठी गावी दुमजली घर बांधलं. स्वयंपाकघराच्या फरश्या फेहिमेनं स्वतः निवडल्या, निळ्या. सोफ्यांवर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं, कारण कायमचं आल्यावरच ते काढायचं ठरलं होतं. आणि दरवर्षी काहीतरी आडवं येई. एका वर्षी कारखाना सोडू देत नव्हता, एका वर्षी पेन्शनचे नियम बदलले, एका वर्षी वरचा साहेब नवा आला आणि तो तुर्कांवर खार खाऊन होता.

नाझमीनं पेल्यात बघत सांगितलं, की कारखान्यानं त्याला कधीच अडवलं नव्हतं. तो एकदा विचारायला गेला होता. साहेबानं हात मिळवला, म्हणाला, खुशाल जा, पेन्शन तुमच्या गावी पाठवू, सुखात राहा. साहेब तुर्कांवर खार खाऊन वगैरे नव्हता, त्यानं चहासुद्धा पाजला. नाझमी घरी आला आणि म्हणाला, नाही म्हणतायत.

मग त्याला कारणही सांगावं लागलं. "गावात पहिले चार आठवडे मी जर्मनीवाला असतो गं. खुर्ची देतात, म्हणतात, नाझमीदादा, सांगा तिकडचं. पाचव्या आठवड्यात मी कोण, हे मला कळेना. भीती वाटली. इथं निदान माझी कबुतरं तरी मला ओळखतात."

आजूबाजूला पेले वाजत होते. कोणीतरी सर्बियन पोलिसांची नक्कल करत होतं आणि त्याचं सगळं टेबल हसत होतं. फेहिमेनं साखरेच्या पुडीचा कागद घेतला, त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, ती आणखी होईना तेव्हा टेबलावर ठेवली, आणि उठून गाडीकडे गेली. नाझमी मागोमाग पोचला तेव्हा ती पुढच्या सीटवर नव्हती. डबे बाजूला सारून मागे, चुलतीच्या वॉकरशेजारी बसली होती.

लग्नापासून आजवर नाझमीच्या शेजारची जागा रिकामी राहिली नव्हती. त्या रिकाम्या जागेशेजारी बसून गाडी सुरू करायला तो धजेना. मग फेहिमेच्या पायांशी गडगडणारं टरबूज त्यानं उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी पट्टा लावा, पट्टा लावा, असं पीं पीं करायला लागली, म्हणून त्याला पट्टाही लावला. तिथून बल्गेरियापर्यंत ते असे गेले: पुढे नाझमी आणि टरबूज, मागे फेहिमे, टॅक्सीत बसल्यासारखी. आरशात त्याला तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. एकदाच ती बोलली. "निळ्या फरश्यांसाठी मी कायसेरीला तीन खेपा केल्या होत्या," असं ती म्हणाली, आणि ते बहुधा वॉकरला उद्देशून होतं.

बल्गेरियाच्या सीमेवर चौकीतला मुलगा तरुण होता, गुळगुळीत दाढी केलेला. त्यानं पासपोर्ट घेतले, टरबुजाकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागची काच खाली गेली आणि फेहिमेनं डोकं बाहेर काढलं. तिनं दोन्ही हात जोडल्यासारखे करून, अर्धं तुर्कीत अर्धं जर्मनमध्ये, त्याला सांगायला सुरुवात केली, की बाळा, तुमच्यातल्या एका माणसावर मी फार मोठा अन्याय केला आहे, तांब्याचा हंडा होता, त्यानं घेतला नव्हता, आणि मला त्याच्या आईचीही माफी मागायची आहे.

मुलाला त्यातलं तांबं आणि माणूस एवढंच कळलं असावं. सीमेवर काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. त्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि सगळं उतरवायला लावलं. कॉफी, चॉकलेटं, घोंगड्या, पावडर, वॉकर. टरबुजावर त्यानं बोटानं टकटक करून ऐकलं. नाझमी कठड्यावर बसून राहिला. छातीत डावीकडे काहीतरी हुळहुळल्यासारखं होत होतं, आणि तो मनाशी म्हणत होता, इथं नको, बाबा रे, निदान बल्गेरियात तरी नको.

मुलानं आतून एका वयस्क अधिकाऱ्याला बोलावलं, ज्याला आपली भाषा येत होती. तो बाहेर आला आणि नाझमीनं आ वासला. त्याला मिशा होत्या. भरघोस, टोकं वळवलेल्या, अगदी सांगितल्यासारख्या. फेहिमे त्याला बघून जागच्या जागी उभी राहिली आणि मग तिनं सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मिशा कोणी लावल्या तेही. अधिकारी कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मधे एकदा त्यानं नाझमीकडे पाहिलं, ते सरकारी पाहणं नव्हतं, नवऱ्यानं नवऱ्याकडे पाहावं तसं होतं. ऐकून झाल्यावर त्यानं टोपी सारखी केली, छातीवर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "खात्यातर्फे हलाल असो, काकू. आणि माझ्या आईतर्फेही. ती असती तर तिनंही सोडलं असतं."

फेहिमेनं डोळे पुसले. पोराला सामान पुन्हा भरू लागायला सांगितलं गेलं. नाझमी मात्र कठड्यावरून उठला नाही. जे त्याला घरच्या बाईकडून अर्धा युरोप ओलांडून मिळालं नव्हतं, ते एका बल्गेरियन जकातवाल्यानं, ओळख ना पाळख, उभ्या उभ्या देऊन टाकलं होतं. तेही खातं आणि आई धरून.

एवढं मात्र झालं, की फेहिमेनं टरबुजाचा पट्टा सोडला, ते मागे ठेवलं आणि स्वतः पुढे येऊन बसली. तो चांगला शकुन की वाईट, हे नाझमीला ठरवता आलं नाही.

तुर्कस्तानच्या सीमेवर, कापीकुलेला, रांग दोन टेकड्या मागेपर्यंत आली होती. ऊन रणरणत होतं. सगळ्या गाड्यांचे नंबर जर्मन, डच, ऑस्ट्रियन आणि सगळ्या चालकांची तोंडं आपली. लांब पुढे झेंडा दिसत होता. नाझमीनं हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून, पुढे बघतच, हळू आवाजात म्हणाला, "फेहिमे, आता माझ्याकडे काही उरलं नाही. सगळं झाडून दिलं. तुझं काय आहे ते तूच सांग. या रांगेत मेलो तर मला निदान कारण तरी ठाऊक असू दे."

"काही नाही," फेहिमे म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. इतकी वर्षं तुम्ही आरशात बघत विचारता आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हलाल असो म्हणते. साकिनेही तसंच म्हणते, हिकमेतची बायकोही तसंच. मला एकदा बघायचं होतं, नाही म्हटलं तर काय होतं."

पुढची गाडी थोडी सरकली. नाझमी सरकला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे लिंझ आलं, ते झाड आलं, चहाचा पेला आला. "म्हणजे निघताना तुझ्याकडे काहीही नव्हतं?"

"निघताना नव्हतं. हंगेरीपासून जमायला लागलं."

मागच्यानं हॉर्न वाजवला, तसं नाझमीनं यंत्रासारखी गाडी एक लांबी पुढे घेतली. राग यायला पाहिजे हे त्याला कळत होतं, पण धक्क्यानं राग कुठल्यातरी मागच्या देशातच राहून गेला होता. बरंच शोधल्यावर त्याला एकच शस्त्र सापडलं. त्यानं मान ताठ केली. हक्क काही एकतर्फी नसतो, असं त्यानं फेहिमेला बजावलं. निघताना नवऱ्यानं मागायचा तसा बायकोनंही मागायचा असतो, आणि या खेपेला तिनं मागितलेलाच नाही. आता मागून बघ म्हणावं, तो देतो का ते.

फेहिमे क्षणभर पुढे बघत राहिली. मग तिनं पट्टा सोडला. बसल्या जागी पूर्ण त्याच्याकडे वळली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, उजवा हात छातीवर ठेवला. तिचा आवाज खाली गेला होता. "सेव्गुलचे बाबा, तुमचा काही हक्क माझ्याकडे राहिला असेल, जाणता, अजाणता, कधीचाही, तर हलाल करा."

इतक्या मनापासून नाझमीकडे आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. आणि जीभ ही सवयीची गुलाम. "हलाल असो," ती म्हणून मोकळी झाली. नाझमीला ते सगळ्यात शेवटी कळलं.

फेहिमेनं श्वास सोडला. साधा श्वास नव्हता तो. चौथ्या मजल्यापर्यंत पोतं वाहून नेलेला माणूस ते दारात टेकवताना सोडतो, तसला, आणि तोही बऱ्याच वर्षांचा. तिच्या खांद्यांची उंची कमी झाली. गालांवर रंग आला. डोळे मिटून ती देवाचे आभार मानत काहीतरी पुटपुटली आणि मग, जणू राहून गेलं होतं अशा घाईनं, म्हणाली, "माझाही सगळा हलाल. हंडा, गावचं घर, फरश्या, सगळं. झालेलं, होणारं, सगळं दिलं."

नाझमीला हवं होतं ते मिळालं होतं. झेंडा समोर होता, मान मोकळी होती, आता ट्रकनं चेपलं तरी हरकत नव्हती. आणि नेमकं तेव्हाच तो चपापला. या बाईनं आईचा हंडा सोडला. आयुष्याची स्वप्नं असलेलं दुमजली घर सोडलं. घासाघीस केली नाही, एक अश्रू नाही, टोमणा नाही. वर पुढचंही आगाऊ देऊन टाकलं. एवढं सगळं जी बाई इतक्या स्वस्तात सोडते, तिच्या बाजूला माफ करून घ्यायचं होतं तरी काय? त्यानं भराभर मागची वर्षं चाळली. कधीचं? सेव्गुलच्या आधीचं की नंतरचं? त्याच्या रात्रपाळ्या आठवल्या आणि त्यानं त्या आठवणं तिथंच थांबवलं.

"फेहिमे," तो म्हणाला. "काय होतं?"

"दिलंत ना आता. विचारायचं नसतं."

"लहान की मोठं, एवढं तरी सांग."

फेहिमेनं पट्टा पुन्हा लावला. तिनं तोंड उघडलं, काहीतरी आठवल्यासारखा विचार केला, तो विचार बराच लांबला, आणि तोंड मिटलं. मागे तीन-चार हॉर्न एकदम वाजायला लागले.

"रांग सरकली बघा," ती म्हणाली. "आणि तेवढा एसी कमी करा. माझे गुडघे धरलेत."